करोडगिरीवाल्या सुमंगलाबाई

परभणीच्या नानलपेठेत विष्णुपंत मास्तरांचं घर विचारलं तर लोक जरा आठवून सांगत. सुमंगलाबाईंचं घर म्हटलं की मात्र कुणीही उठून दारापर्यंत पोचवून देई. विष्णुपंत शाळेत भूगोल शिकवत. बाईंनी समोरच्या खोलीत दोन जुने टाइपरायटर मांडून टायपिंगचा क्लास काढला होता. आता टायपिंग शिकवणाऱ्या बाईंचा आणि मुंबईच्या बंदरावरच्या कस्टम खात्याचा संबंध काय? तो लावून दिला पेडगावच्या बायनाबाईनं.

बायनाबाईचा मुलगा सटवाजी वेल्डर होता. परभणीच्या एका वर्कशॉपात तो काम शिकला, आणि अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर एका ठेकेदाराबरोबर मस्कतला गेला. त्याच्या पासपोर्टचा अर्ज सुमंगलाबाईंनी टाइप करून दिला होता. तेवढ्यावरून बायनाबाईची पक्की समजूत झाली की परदेशाचं सगळं खातं ह्या बाईंच्याच हातात आहे. पोराला जाऊन वर्ष झालं असेल नसेल, एका बाजाराच्या दिवशी ती डोक्यावरची पाटी ओट्यावर ठेवून दारात बसली.

"बाई, सटवा इचारायलाय, की परत येताना तिथलं वेल्डिंगचं मशीन संगं आणू का नको. करोडगिरीवाले धरतेत का सोडतेत, तेवढं बघून सांगा."

निजामाच्या राज्यात जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत. ते राज्य जाऊन तीस वर्षं उलटली होती, पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून शब्द गेला नव्हता. बाईंना त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. नाही माहीत, असं सांगून मोकळं होता आलं असतं. पण त्यांचा स्वभावच असा, की एखादा प्रश्न घरात आला की त्याला पाणी-चहा दिल्याशिवाय त्या जाऊ देत नसत. त्यांनी बायनाबाईला पुढच्या महिन्यात यायला सांगितलं आणि मुंबईला भावाला पत्र टाकलं.

भाऊ म्हणजे पंडित. तो बॅलार्ड पियरच्या बाजूला एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत नोकरीला होता. बाहेरून आलेला माल बंदरातून सोडवून द्यायचा, हे त्या कचेरीचं काम. बहिणीचं पत्र वाचून त्यानं कचेरीतलं एक जाडजूड नियमांचं पुस्तक पार्सलनं पाठवून दिलं. बाईंनी ते पोथीसारखं रोज थोडं थोडं वाचलं. न कळणाऱ्या इंग्रजी वाक्याला त्या पेन्सिलीनं फुली मारत आणि रात्रीच्या जेवणाला विष्णुपंतांना अर्थ विचारत. विष्णुपंतांची भाजी गार होई. महिन्यानं बायनाबाई आली तेव्हा उत्तर तयार होतं. कारागीर माणूस दोन वर्षं बाहेर राहून कायमचा परत आला, तर त्याच्या धंद्याची, त्यानं स्वतः वापरलेली हत्यारं त्याला आणता येतात. सटवाजीनं मशीन खुशाल आणावं.

बायनाबाईनं पाटीतली वांगी तिथंच ओतली.

पुढं एका लग्नासाठी पंडित परभणीला आला. बहिणीच्या टेबलावरचं पुस्तक त्यानं उघडलं, दोन पानं चाळली आणि हसायला लागला. म्हणाला, "अक्का, हे मागच्या सालचं आहे गं. ह्यातलं निम्मं बदललं असेल."

बाईंना हे नवीनच होतं. नियम म्हणजे एकदा केला की केला, अशी त्यांची कल्पना. पंडितनं समजावलं, की दर फेब्रुवारीत बजेट येतं, त्याबरोबर काही बदलतं. मग मधूनच एखादा हुकूम निघतो, आणखी काही बदलतं. आमच्या कचेरीत दोन माणसं नुसती हेच बघायला ठेवलेली असतात. विष्णुपंत कोपऱ्यात सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "माझ्या भूगोलात गोदावरी आपली जिथल्या तिथं वाहते. तुझ्या ह्या शास्त्रात ती दर सालाला पात्र बदलते."

दुसरी एखादी बाई इथं पुस्तक मिटून माळ्यावर टाकती. सुमंगलाबाईंना उलट चव लागली. पंडित दर महिन्याला नव्या हुकुमांची कात्रणं पाठवू लागला. बाई ती खळ लावून त्या त्या पानावर चिकटवत. एकावर एक कात्रणं चढून पुस्तक दाढ सुजल्यासारखं दिसू लागलं. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी क्लासला सुटी असे. संध्याकाळी बाई रेडिओला कान लावून बसत आणि घरात कुणी भांडं वाजवलेलं त्यांना चालत नसे.

हळूहळू आखाताकडं गेलेल्यांच्या घरची माणसं ओट्यावर यायला लागली. जिंतूरच्या चांगुणाबाईंचा जावई रेडिओ आणि टेप एकातच असलेला टू-इन-वन आणणार होता. त्यांना विचारायचं होतं, की ते दोन धरतेत का एक. पाथरीच्या दिनकररावांना अरबस्तानातून खजुराची रोपं आणून आपल्या मळ्यात लावायची होती. बाईंनी सांगितलं, की रोपांना वेगळी परवानगी लागते, नाहीतर झाडांची रोगराई देशात येते. दिनकरराव बराच विचार करून म्हणाले, बरं, खजूर तिथंच खाल्ला आणि बी पोटात घेऊन आलो तर? ह्याला पुस्तकात उत्तर सापडेना. बाईंनी ते इमानदारीनं पंडितला लिहून विचारलं. पंडितच्या कचेरीत आठवडाभर दुसरं काही बोलणंच नव्हतं म्हणे.

येणारा रिकाम्या हातानं येत नसे. कुणी हरभऱ्याचा ढाळा आणी, कुणी हुरडा, कुणी शेतातल्या काकड्या. टायपिंगला येणाऱ्या पोरी तोंडात ढाळे सोलून टाकत टकटक करत. घर कसं भरल्यासारखं वाटे.

एक्याऐंशी साली सटवाजीचं कळलं, की तो कायमचा परत यायलाय. मस्कतहून फेब्रुवारीच्या अखेरीस निघणाऱ्या बोटीनं तो येणार होता आणि मशीन बरोबर आणणार होता. त्याला पेडगावात स्वतःचं वर्कशॉप काढायचं होतं. गावानं जागाही बघून ठेवली होती. गावचे किशनराव आपल्या गोठ्याची एक बाजू द्यायला तयार होते, कारण त्यांच्या बैलगाडीचा आस मोडला की तो घेऊन त्यांना परभणी गाठावी लागे.

बजेटच्या संध्याकाळी बाईंनी रेडिओ ऐकला. कारागिरांच्या हत्यारांबद्दल त्यात काही आलं नाही. बाई निवांत झाल्या. पण त्यानंतर दोन-तीन दिवसांनी शेजारच्या औषधाच्या दुकानात मुंबईचा ट्रंककॉल आला. पंडित होता. नवा हुकूम निघाला होता. इथून पुढं हत्यारं आणणाऱ्यानं ती स्वतःच्याच कामाची आहेत ह्याचा पुरावा द्यायचा. पुरावा नसेल तर मशीन विकायला आणलेला माल समजून अडकवून ठेवतील. पंडित म्हणाला, सटवाजीला सांग, मालकाची चिठ्ठी घेऊन ये म्हणावं.

सांगणार कसं? सटवाजी समुद्रावर होता.

बाई घरी येऊन पाटावर बसल्या त्या बसूनच राहिल्या. विष्णुपंतांनी समजूत घातली, की नियम काही तू बदललेला नाहीस. बाई म्हणाल्या, खरंय, पण मशीन आण म्हणून तर मीच सांगितलं ना. मी मुंबईला जाते. विष्णुपंतांच्या शाळेत परीक्षा तोंडावर होती, त्यांना निघता येईना. बाईंनी पेडगावला नुसता निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायनाबाई गाठोडं घेऊन दारात उभी.

"मी बी येते," ती म्हणाली. "मशीन धरलं तर धरलं. पोराला तर धरत न्हाईत न्हवं? मला त्याला बघायचंय."

मग दोघीच निघाल्या. तेव्हा परभणीहून मनमाडपर्यंत छोटी गाडी होती, तिथं उतरून मोठ्या गाडीत बसायचं. बायनाबाईनं ह्याआधी पूर्णेच्या पुढं जग बघितलेलं नव्हतं. पेडगाव स्टेशन आलं तेव्हा आपलं गाव खिडकीतून कसं दिसतं ते बघून ती इतकी हरखली, की फलाटावरच्या माणसांना नावानं हाका मारायला लागली. पुढं प्रत्येक स्टेशनला तिचा एकच सवाल, समुद्र आला का. सुमंगलाबाई आधी नाही म्हणायच्या, मग त्यांनाही हसू यायला लागलं आणि जालन्याच्या पुढं त्यांची काळजी निम्मी झाली.

बोट लागली त्या सकाळी पंडितनं दोघींना बंदराच्या शेडमध्ये नेलं. कचेरीकडून त्यानं पास काढून ठेवले होते. बायनाबाईनं धक्क्यावरून पाणी बघितलं. मग म्हणाली, "एवढं पाणी हितं, आन आमच्या हिरीला बूड दिसायलंय."

सटवाजी शिडीवरून उतरला तेव्हा त्याला आई ओळखू आली नाही. पेडगावची माय मुंबईच्या धक्क्यावर असेल असं त्याच्या डोक्यातही नव्हतं. ती समोर जाऊन उभी राहिली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, तेव्हा कुठं त्याच्या हातातली वळकटी खाली पडली. हमाल थांबून बघायला लागले. सुमंगलाबाई तोंड फिरवून डोळे पुसत उभ्या राहिल्या.

पण मशीनचं व्हायचं ते झालंच. लाकडी खोक्यातलं मशीन बघून कस्टमच्या साहेबांनी पुरावा मागितला. साहेब वयानं पिकलेले, चष्मा कपाळावर. सटवाजी म्हणाला, काम संपलं तसा ठेकेदार दुसऱ्या मुलखात निघून गेला, चिठ्ठी कुणाची आणू? साहेबांच्या बोलण्यात तुसडेपणा नव्हता. त्यांनी खणातून एक कागद काढला आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. म्हणाले, "हा हुकूम काल संध्याकाळी माझ्या टेबलावर आला. मीसुद्धा आत्ताच नीट वाचतोय."

सुमंगलाबाई पुढं झाल्या. आपण परभणीच्या, ह्या माणसाला मशीन आणायला आपणच सांगितलं, असं त्यांनी सांगून टाकलं आणि तो कागद बघायला मिळेल का म्हणून विचारलं. साहेब बाकावर सरकून बसले. दोघांनी मिळून तो हुकूम वाचला. बाई ओळीखाली बोट फिरवत होत्या. अडलेल्या शब्दाचा अर्थ साहेब सांगत, आणि एका जागी साहेब अडले तेव्हा बाईंनी जुन्या नियमात त्या शब्दाचा काय अर्थ होता ते सांगितलं. ऊन शेडच्या दारातून आत आलं. हुकुमात शब्द होते, 'समाधानकारक पुरावा'. पुरावा कुठला, ते लिहिलेलं नव्हतं.

बाईंनी विचारलं, "समाधान कुणाचं व्हायला पाहिजे?"

"माझं," साहेब म्हणाले.

"मग तुमचं समाधान कशानं होईल?"

साहेबांना हा प्रश्न बहुतेक कुणी विचारलेला नसावा. त्यांनी चष्मा काढला, इकडं तिकडं बघितलं. शेडच्या कोपऱ्यात सामान ओढायची एक लोखंडी गाडी पाय मोडून आडवी पडली होती. कधीपासून पडली होती कुणास ठाऊक, तिच्यावर हमालांचे डबे ठेवलेले होते. साहेबांनी तिच्याकडं बोट केलं आणि सटवाजीला विचारलं, "हिला उभी करशील?"

सटवाजीनं गाडीभोवती एक चक्कर मारली. मोडलेल्या जागी अंगठा फिरवला. म्हणाला, "करतो की."

मग काय, खोकं फुटलं. बंदराचा इलेक्ट्रिशियन वायर घेऊन आला. हमालांनी डबे उचलून जागा मोकळी केली. बोटीतून उतरलेले लोक आपल्या पेट्यांवर बसून बघायला लागले. सटवाजीनं तोंडासमोर काळ्या काचेचा मुखवटा धरला आणि ठिणग्यांचा असा काही फवारा उडाला, की पुढं सरकलेले सगळे मागं झाले. त्यानं ओरडून आईला सांगितलं, उजेडाकडं बघू नकोस म्हणून. बायनाबाईनं पदर डोळ्यांवर घेतला खरा, पण पोरगं काय काम करतं ते तिनं आजवर बघितलेलं नव्हतं. ती पदराच्या आडून जमिनीवर नाचणारा त्या उजेडाचा रंग बघत राहिली.

काम झालं. सटवाजीनं हातोडीनं ठोकून वरची काळी खपली उडवली. आत सांधा चांदीच्या गोठासारखा चमकत होता. साहेबांनी गाडी उभी करवली. तिच्यावर दोन-तीन जड ट्रंका चढवायला लावल्या आणि स्वतः दांडी धरून ती शेडच्या दारापर्यंत ओढत नेली, परत आणली.

"झालं माझं समाधान," ते म्हणाले, आणि कागदावर सही केली.

हमालांनी टाळ्या वाजवल्या. एकानं सटवाजीला तिथंच नोकरी करायचा आग्रह धरला. बायनाबाईनं गाठोडं सोडून साहेबांपुढं धपाटं धरलं, वर लसणाची चटणी. साहेब मागं सरले. म्हणाले, "बाई, पॅसेंजरकडून आम्हाला काही घेता येत नाही."

"मी कुठं पाशिंजर हाय?" बायनाबाई म्हणाली. "मी तर रेल्वेनं आले."

साहेबांनी सुमंगलाबाईंकडं बघितलं. बाई म्हणाल्या, पुस्तकात धपाट्याचा उल्लेख मला तरी कुठं आढळला नाही. मग साहेबांनी एक तुकडा मोडून घेतला, आणि चटणी लागल्यावर पाण्याचा तांब्या मागवला.

पेडगाव स्टेशनात गाडी थोडाच वेळ थांबते. गार्डाला आधी सांगून ठेवलं होतं, आणि अर्धं गाव फलाटावर होतं. मशीन डब्यातून उतरलं ते माणसांच्या खांद्यांवरूनच. किशनरावांनी बैलांच्या पाठीवर झुली घालून, शिंगांना गोंडे बांधून गाडी आणली होती. मारुतीच्या देवळापाशी नारळ फुटला. पहिल्या दिवशी सटवाजीनं मशीन सुरू केलं आणि गावातले सगळे बल्ब पिवळे पडून मिणमिणायला लागले. घरोघरची माणसं बाहेर आली, कुणी चिडलं नाही. पुढं कितीतरी दिवस पेडगावात दिवे मंदावले की लोक म्हणत, सटवाजी कामाला लागला बघा. कोळपी, गाड्यांचे आस, खिडक्यांचे गज, सगळं गावातच व्हायला लागलं, आणि आजूबाजूच्या गावांचीही माणसं तिथं यायला लागली.

बायनाबाईनं ही हकिकत बाजारात, देवळात, एसटीच्या थांब्यावर इतक्यांदा सांगितली, की सुमंगलाबाईंचं नावच करोडगिरीवाल्या बाई पडलं. त्या मात्र त्या वारीनंतर जास्त सावध झाल्या. कुणाला काही सांगितलं की शेवटी म्हणत, हे आजचं आहे, निघायच्या आधी पुन्हा विचारा. ऐंशीची सगळी सालं अशीच गेली. टीव्ही आले, व्हीसीआर आले, सोन्याचे नियम आले आणि बदलले. विष्णुपंत रिटायर झाले आणि कात्रणं चिकटवायचं काम त्यांनी आपल्याकडं घेतलं. भूगोलापेक्षा ह्यात जास्त घडामोडी असतात, असं ते आता कबूल करत.

मग एक्क्याण्णव साल आलं आणि सरकारनं दारं उघडायला सुरुवात केली. दर बजेटला एकेक अट सुटू लागली. परदेशातून आणायच्या वस्तू परभणीच्या दुकानांतच मिळायला लागल्या. ओट्यावर येणारी माणसं कमी झाली. विष्णुपंतांना वाटलं, बाईंना वाईट वाटेल. बाईंना तसं काही झालं नाही. त्या म्हणाल्या, सुनेच्या मागची सगळी बंधनं सुटली म्हणून कुणी रडतं का. थोड्या वेळानं मात्र म्हणाल्या, ढाळे मिळायचे तेवढे बंद झाले.

त्यांची लेक प्रमोदिनी लग्न होऊन मस्कतलाच गेली होती. तिच्या बाळंतपणासाठी त्र्याण्णवच्या हिवाळ्यात बाईंचा स्वतःचा पासपोर्ट निघाला. अख्ख्या जिल्ह्याचे अर्ज टाइप केलेल्या बाईंनी स्वतःचा अर्ज तीनदा बिघडवला. नात झाली, बारसं झालं, आणि विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच जानेवारीत त्या परतीला निघाल्या. निघायच्या आधी लेकीला त्यांनी अगदी जेरीस आणलं. हे नको, ते नको, ह्याची पावती कुठं आहे, हे वापरलेलं आहे का नवं. शेवटी प्रमोदिनी म्हणाली, आई, तू कस्टममध्येच असायला पाहिजे होतंस. बाई नुसत्या हसल्या. बॅगेत खजूर, चार साड्या आणि नातीच्या पायाच्या ठशाचा एक कागद, एवढंच होतं.

मुंबईच्या विमानतळावर त्या नवं लुगडं नेसल्यासारख्या ताठ चालत कस्टमच्या टेबलापाशी आल्या. एक तरुण अधिकारी बाई होती. तिनं बॅगेकडं बघितलं आणि हातानंच पुढं जायची खूण केली.

बाई थांबल्या. "काही विचारणार नाही का?"

"आहे का काही जाहीर करण्यासारखं?"

"खजूर आहे."

"मग जा की, मावशी."

बाई दारापर्यंत गेल्या. इतक्या वर्षांचा अभ्यास, आणि परीक्षेला बसल्यावर कुणी पेपरच देऊ नये, तसं त्यांना झालं. त्या परत फिरल्या. टेबलापाशी येऊन त्यांनी विचारलं, की सध्या सोन्याबद्दलचा कुठला हुकूम चालू आहे, आणि कारागिरांच्या हत्यारांना अजून पुरावा लागतो का. ती मुलगी आधी चपापली. मग तिनं विचारलं, मावशी, तुम्ही कुठल्या? बाईंनी परभणी सांगितलं, करोडगिरी सांगितली, बंदरावरची गाडी सांगितली. विमान रिकामं झालं होतं, पुढचं यायला अवकाश होता. मुलीनं खुर्ची ओढून दिली, चहा मागवला, आणि खणातून ताज्या हुकुमांची चळत काढून टेबलावर ठेवली. बाईंनी पर्समधून पेन्सिल काढली.

बाहेर विष्णुपंत कठड्याला धरून उभे होते. विमानातली सगळी माणसं येऊन गेली, त्यांचे नातेवाईक गेले, टॅक्स्या गेल्या. त्यांचा जीव खालीवर व्हायला लागला. बरोबर आलेला पंडित त्यांना धीर देत होता, पण त्याचंही तोंड उतरलेलं. अखेर दार उघडलं आणि बाई ढकलगाडी घेऊन बाहेर आल्या, चेहरा कसा ऊन पडल्यासारखा.

विष्णुपंत पुढं धावले. "एवढा वेळ? धरलं होतं का काय तुला?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "मीच धरलं होतं त्यांना."

आणि पंडितकडं वळून त्यांनी त्याला विचारलं, की मागच्या महिन्याच्या नव्या हुकुमाचं कात्रण तू पाठवलंच नाहीस, ते का.